आराखड्यातला पाचवा महिना

प्रादेशिक पातळीवर लघुउद्योगांसाठी घेतल्या जाणाऱ्या व्यवसाय आराखडा स्पर्धेत उतरायचे मी ठरवले, तेव्हा डोळ्यांसमोर बक्षिसाच्या रकमेखेरीज दुसरे काही नव्हते, हे आधीच कबूल केलेले बरे. पुस्तकबांधणीचा माझा व्यवसाय आठ वर्षे चालू आहे. संस्थांची जुनी दप्तरे, ग्रंथालयांची फाटकी पुस्तके आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध आम्ही चार माणसे मिळून बांधतो. बक्षीस मिळाले की दुसरे कटिंग मशीन घ्यायचे, एवढाच माझा आराखडा होता आणि तो एका ओळीत मावत होता. स्पर्धेला मात्र तो वीस पानांत हवा होता.

पहिल्या फेरीसाठी दोन पानी सारांश द्यायचा होता. मी मोठ्या उत्साहाने लिहिले, की परिसरात इतक्या संस्था आहेत, प्रत्येकीकडे इतकी पुस्तके आहेत आणि त्यातले केवळ एक टक्का काम जरी आमच्याकडे आले, तरी उलाढाल तिप्पट होईल. आमच्याकडे शिलाईचे काम पाहणारे काका आहेत. त्यांना मी हा मजकूर वाचून दाखवला. हातातली सुई बाजूला न ठेवताच त्यांनी विचारले, "हा एक टक्का म्हणजे नेमके कोण? नावे सांगा." मी आठवून आठवून अकरा नावे सांगितली आणि त्यांपैकी तीनच गिऱ्हाइकांकडून निम्म्याहून जास्त काम येते, हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आले. एक टक्क्याचा परिच्छेद मी काढून टाकला आणि त्या अकरा जणांविषयी लिहिले: कोण वर्षातून किती वेळा येते, कोणते काम देते, पैसे किती दिवसांनी चुकते करते. पहिली फेरी त्याच पानांवर पार पडली असावी, असे मला वाटते.

या स्पर्धांचा साचा मुळात आमच्यासारख्यांसाठी घडलेला नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी 1984 मध्ये, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाच्या धर्तीवर, अशी स्पर्धा सुरू केली; 1990 मध्ये एमआयटी या तिथल्याच तंत्रज्ञान विद्यापीठाची स्पर्धा आली. गुंतवणूकदार शोधणारी, झपाट्याने वाढू पाहणारी नवी कंपनी हे तिथले गृहीत होते. म्हणूनच अर्जात 'पाच वर्षांत व्यवसायाचा विस्तार किती पट होईल' आणि 'गुंतवणूकदार बाहेर कसा पडेल', म्हणजे आपला हिस्सा विकून पैसे कसे काढून घेईल, असे रकाने येतात आणि पुस्तके बांधणारा माणूस पेन हातात धरून नुसता बसून राहतो. अशा रकान्यांत मी सरळ लिहिले, की आम्हाला बाहेरचा भागीदार नको आहे आणि वाढ हळूहळू होईल. रकाने शोभिवंत दिसावेत म्हणून आकडे फुगवणे मला पटले नाही. शिवाय फुगवलेला आकडा पुढच्या तीन तक्त्यांत खोटे बोलायला लावतो, हा व्यवहारी भागही त्यात होताच.

खरे काम दुसऱ्या फेरीत, आकड्यांपाशी सुरू झाले. बिलाच्या प्रत्येक शंभरातले सत्तर पुठ्ठा, कापड, दोरा, खळ, नगावारी मजुरी आणि वाहतूक यांतच जातात आणि उरलेल्या तीसातून भाडे, वीज आणि पगार भागवायचे असतात, हे मला ढोबळमानाने ठाऊक होते. ना नफा ना तोटा होण्यासाठी दरमहा किती रकमेची बिले व्हायला हवीत, हे या तीसावरूनच निघते: महिन्याचा ठरलेला खर्च भागिले शून्य पूर्णांक तीन. पण याच गणिताने मला एक जुनी सवय उघडी करून दाखवली. मोठे काम मिळावे म्हणून मी सहज दहा टक्के सूट देत असे. शंभराचे नव्वद झाले, तरी खर्च सत्तरच राहतो आणि हातात तीसाऐवजी वीस उरतात; म्हणजे पूर्वीइतकेच पैसे मिळवायला दीडपट पुस्तके बांधावी लागतात. आठ वर्षे ही सूट मी औदार्य समजत होतो.

त्यानंतर महिनावार रोखप्रवाहाचा तक्ता आला आणि त्याने माझी झोप उडवली. नफातोट्याच्या पत्रकात बारापैकी एकही महिना तोट्याचा नव्हता. त्याच आकड्यांवरून रोखीचा तक्ता मांडला, तर पाचव्या महिन्यात शिल्लक उणे. मी बेरीज तीनदा तपासली, सूत्रे तपासली, शेवटी कागदावर हाताने मांडले. चूक बेरजेत नव्हती. माल सरासरी वीस दिवस पडून राहतो, काम पुरे व्हायला दहा दिवस लागतात, संस्थांचे बिल मंजूर होऊन पैसे यायला पंचाहत्तर दिवस जातात आणि कागदाचा व्यापारी आम्हाला पंधरा दिवसांपेक्षा जास्त उधारी देत नाही. वीस, दहा आणि पंचाहत्तर मिळून एकशे पाच. त्यातून पंधरा वजा केले, की नव्वद दिवस आमचा पैसा आमच्याकडे नसतो. काम वाढले, की हा अडकलेला पैसाही त्याच पटीत वाढतो. म्हणजे माझ्या आराखड्यातली वाढ जितकी यशस्वी, तितका तो पाचवा महिना अधिक खोल जाणार होता.

'निधीचा विनियोग' या रकान्यात मी तोवर कटिंग मशीनच लिहून ठेवले होते. त्याचे समर्थन करायला आकडा हवा, म्हणून दोन आठवडे आमच्या आहे त्या मशीनशेजारी वही टांगली आणि ते कधी चालू झाले, कधी थांबले, याची नोंद ठेवली. दिवसाला जेमतेम तीन तास! पुस्तकांची खरी रांग काकांच्या टेबलाशी लागलेली होती. जुजबंदी शिलाईत प्रत्येक जुजाच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या, घडीतून मेण लावलेला दोरा ओढून घ्यावा लागतो. तो कमी ताणला तर पुस्तक ढिले पडते आणि जास्त ताणला तर कागद घडीवर चिरतो. तो ताण काकांच्या बोटांना कळतो, आमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्याही नाही. मशीन खोडून तिथे मी खेळते भांडवल आणि एका शिकाऊ मुलाचा वर्षभराचा पगार असे लिहिले.

अंतिम फेरीत दहा मिनिटे मांडणी आणि त्यानंतर प्रश्न होते. पहिला प्रश्न एका परीक्षक बाईंनी विचारला, "तुमचे शिलाईकाम करणारे गृहस्थ तीन महिने येऊ शकले नाहीत, तर तुम्ही काय कराल?" शिकाऊ मुलाचा मुद्दा आराखड्याच्या सतराव्या पानावर होता, पण तो मुलगा तयार व्हायला किती महिने लागतील आणि तोवर आलेले काम कुणाकडे द्यायचे, हे मी कुठेही लिहिलेले नव्हते. मी काहीतरी गोलमाल उत्तर दिले. त्यांनी मान हलवून नोंद केली. आम्हाला बक्षीस मिळाले नाही. निकालानंतर गुणपत्रक मागितले, तर ते देण्याची पद्धत नाही असे सांगण्यात आले, आणि याचा मला निकालापेक्षा जास्त राग आला. वीस पाने लिहून घेणाऱ्यांनी अर्धे पान परत द्यायला हरकत नसावी.

गुणांविषयी एक गोष्ट मात्र मला नंतर वाचायला मिळाली. नायजेरियात 2011 मध्ये सरकारने घेतलेल्या एका मोठ्या आराखडा स्पर्धेत सुमारे 24,000 अर्ज आले होते आणि 1,200 विजेत्यांना प्रत्येकी सरासरी सुमारे 50,000 डॉलर मिळाले. उपांत्य फेरीतील बऱ्याच जणांची निवड चिठ्ठ्या टाकून केल्यामुळे संशोधकांना तुलना करता आली. निधी मिळालेले व्यवसाय तीन वर्षांनीही अधिक संख्येने टिकून होते आणि अधिक माणसांना काम देत होते. पण विजेत्यांमध्ये कोणाचा व्यवसाय जास्त बहरेल, हे परीक्षकांच्या गुणांवरून फारसे सांगता आले नाही. हे वाचून माझा राग थोडा निवळला, पण पैसे मिळायला हवे होते, ही हळहळ वाढली.

आता मोठ्या कामाच्या दरपत्रकावर निम्मी रक्कम आगाऊ, अशी ओळ असते आणि दहा टक्के सूट नसते. एका जुन्या संस्थेने त्यावरून काम काढून घेतले. दोघांनी काही न विचारता आगाऊ रक्कम पाठवली. शिकाऊ मुलगा बक्षिसाशिवायच ठेवला आहे, अर्ध्या दिवसासाठी. गेल्या आठवड्यात त्याने पहिले पुस्तक शिवून पुरे केले. कणा वाकडा आला होता. काकांनी ते उलटसुलट करून पाहिले, कात्रीने सगळा दोरा कापून काढला, जुजे पुन्हा क्रमाने लावली आणि मेणाचा खडा त्याच्यापुढे सरकवला.