बॉन इव्हेर, मेसिना आणि आमच्यातल्या दोन पार्ट्या

बॉन इव्हेर म्हणजे जस्टिन व्हर्नन या अमेरिकन गायकाचा बँड. त्याचा '२२, अ मिलियन' हा अल्बम ३० सप्टेंबर २०१६ ला आला, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण सांगलीत आमच्या कंपूत हा विषय निघाला की अजूनही चहा गार होईपर्यंत भांडण चालतं. एक पार्टी म्हणते जस्टिन व्हर्ननचा हाच सगळ्यात भारी अल्बम, दुसरी म्हणते लेकानं चांगल्या आवाजाची मशीनमध्ये घालून माती केली. मी पहिल्या पार्टीत आहे, आधीच सांगून टाकतो, नंतर एकतर्फी लिहिलं म्हणून कुणी बोंब मारू नये.

दुसऱ्या पार्टीचा म्होरक्या हळदीच्या पेढीवर बसतो आणि त्याला व्हर्ननचा पहिला अल्बम 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' तोंडपाठ आहे. त्या अल्बमची कथा तर सगळ्यांनाच माहितीये, म्हणजे बँड फुटला, पोरगी सोडून गेली, वर आजारपण, मग हा गडी २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनला वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात जाऊन राहिला आणि एकट्यानं गाणी रेकॉर्ड केली. २००७ मध्ये स्वतःच काढला, २००८ मध्ये लेबलनं उचलला आणि मग जगभर झालं. आमच्या म्होरक्याचं म्हणणं एवढंच की तो माणूस, ती गिटार, तो बर्फ, बास, अजून काय पाहिजे?

आणि मला नेमकं इथंच खटकतं. अरे भावा, तुला गाणी आवडतात का ती झोपडी आवडते? कारण कान देऊन ऐकलं तर 'फॉर एमा' मध्ये कुठं साधा एकटा आवाज आहे? त्यानं स्वतःचाच वरच्या पट्टीतला आवाज एकावर एक चढवून अख्खा कोरस उभा केलाय, आणि ते कम्प्युटरवरच केलंय, चुलीवर नाही. २००९ ला 'ब्लड बँक' नावाचा चार गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आला, त्यातलं शेवटचं गाणं तर नुसतं ऑटोट्यून केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअरनं सूर बदललेल्या आवाजाचे थर, वाद्य म्हणून एक नाही. ते कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅपरला एवढं आवडलं की २०१० च्या त्याच्या अल्बममध्ये त्यानं ते वापरलं. म्हणजे मशीनचा नाद २०१६ ला लागलेला नाही, आधीपासून होता, लोकांनी फक्त बर्फाकडं बघितलं.

आता '२२' वर येऊ. गाण्यांची नावं बघूनच निम्मे लोक परत फिरले, आकडे, चिन्हं, मध्येच कॅपिटल अक्षरं, वाचायचं कसं हेच कळेना. दुसऱ्या गाण्यात ड्रम असे फाटलेत की मला पहिल्यांदा वाटलं इअरफोनच गेला. पण '७१५ क्रीक्स' ऐका. ७१५ म्हणजे त्याच्या गावाकडचा, ओ क्लेअरचा फोनचा एरिया कोड. दोन-सव्वादोन मिनिटांचं गाणं, त्यात फक्त त्याचा आवाज, आणि तो आवाज मेसिना नावाच्या यंत्रणेतून जातो, जी त्यानं क्रिस मेसिना या इंजिनिअरबरोबर जुळवली. गडी एक सूर गातो आणि त्याच क्षणी त्याच्याच आवाजाचे आणखी सूर बाजूला उभे राहतात, आणि शेवटाकडं तो ओरडायला लागतो तेव्हा ते सगळेच्या सगळे ओरडतात. यात भावना नाही म्हणणाऱ्यानं कान दाखवून घ्यावेत.

आमच्यात यावर सगळ्यात भारी उत्तर दिलं ते मिरजेच्या मित्रानं, ज्याला बॉन इव्हेरशी काही देणंघेणं नाही. तो सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढलेला. तो म्हणाला तंबोऱ्याची तार नुसती घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, ठेवली तर आवाज बसका येतो, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तो आवाज एकदम खुलतो, एका तारेतून चार सूर ऐकायला येतात. जवारी लागली म्हणतात. "मग तो दोरा काय, इफेक्टच की रं!" पेढीवाला दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला दोऱ्याला लाईट लागत नाही. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांगायची संधी मिरजकर सोडत नाहीत, त्या दिवशीही सोडली नाही.)

तसं बघायला गेलं तर असली भांडणं आपल्याकडं जुनीच आहेत. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती, का तर म्हणे परकं वाद्य, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, लागत नाहीत. आणि आज पेटीशिवाय गाण्याची बैठक कुणाच्या डोळ्यासमोर येते का सांगा. बावीसचं म्हणाल तर आपल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्येच बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलंय, व्हर्ननच्या २२ शी त्याचा काडीचा संबंध नाही, पण पेढीवाल्याला चिडवायला उपयोगी पडतं.

एवढं सगळं बोलून झाल्यावर हेही खरं की अल्बम सगळाच्या सगळा जमलेला नाही. मधली एक-दोन गाणी अर्धवट सोडल्यासारखी वाटतात, एखादी चाल आत्ता कुठं पकड घेतीय तोवर तो कचकन कापतो, आणि शब्दांचं तर विचारूच नका. पहिल्या गाण्यात महालिया जॅक्सन या जुन्या अमेरिकन गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) गायिकेच्या आवाजाचा तुकडा येतो तेव्हा अंगावर काटा येतो, तसं पुढं प्रत्येक वेळी होत नाही. पण दहा गाणी, चौतीस मिनिटं, एवढ्यात इतकी रिस्क घेणारे किती जण आहेत?

२०२४ च्या ऑक्टोबरात 'सेबल' आला, गिटार, मोकळा आवाज, तीन गाणी, आणि पेढीवाल्यानं बघा, आला का नाही वळणावर, म्हणून मला पार्टी मागितली. मी दिली पण, विश्रामबागेत, भेळ. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पूर्ण अल्बम 'सेबल, फेबल' आला, सुरुवातीला तीच गाणी आणि पुढं सगळी गुळगुळीत, प्रेमात पडलेल्या माणसाची, जवळपास पॉपच. पेढीवाल्यानं काय करावं? फोनवर प्लेलिस्ट करून ठेवलीय, तिसरं गाणं संपलं की थेट 'फॉर एमा' चालू.