तुम्ही विचारलंत म्हणून: ठेका धरणारा गेल्यानंतरचा अल्बम

परवा लष्कर भागातल्या मुंजीत जेवणाच्या पंगतीवरून उठता उठता तुम्ही मला जे विचारलेत, ते ग्वाल्हेरात मला पुष्कळांनी विचारलेले आहे. घरात ख्यालाचे वातावरण असलेला माणूस पंचेचाळीस वर्षे रोलिंग स्टोन्स हा इंग्लिश रॉक बँड ऐकतो हे एक वेळ समजून घेता येते. पण ऐंशीच्या घरातल्या त्या माणसांनी काढलेला नवा अल्बम तुम्हाला मनापासून आवडला, की जुन्या प्रेमाखातर तुम्ही तो आवडून घेतलात? हात धुताना उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हता, म्हणून लिहितो आहे.

वयाचा मुद्दा निदान आपल्या गावाने तरी काढू नये. १८९३ साली जन्मलेले इथलेच ख्यालगायक पंडित कृष्णराव शंकर पंडित ऐंशी ओलांडल्यावरही गात होते आणि त्या वयातले त्यांचे गाणे मी वडिलांबरोबर जाऊन ऐकलेले आहे. आवाजात किती उरले आहे याचा हिशेब तिथे कोणी मांडत नसे. लय कशी धरली आहे, सम कशी येते आहे, इकडेच जाणत्यांचे कान असत. मीही त्याच कानांनी ऐकायला शिकलो, कारण तेव्हा माझे तबल्याचे शिक्षण चालू होते. म्हणूनच १९७८ च्या सुमारास मुंबईच्या मावसभावाने स्टोन्सची कॅसेट आणून दिली, तेव्हा माझे लक्ष गाणाऱ्या मिक जॅगरकडे किंवा गिटार वाजवणाऱ्या कीथ रिचर्ड्सकडे न जाता आधी ड्रमर चार्ली वॉट्सकडे गेले.

बहुतेक ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅट, म्हणजे स्टँडवर एकमेकींवर बसवलेल्या दोन झांजा, अखंड वाजवत ठेवतात आणि डाव्या हाताने दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर या ड्रमचा ठोका देतात. चार्ली नेमक्या त्या दोन मात्रांवर उजवा हात उचलून घेत असे. त्यामुळे स्नेअरचा आघात एकटा, उघडा पडे आणि दर आवर्तनात एक बारीकसा श्वास तयार होई. शिवाय इतर बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागून चालतात, तर इथे चार्ली कीथच्या गिटारमागून चालत असे, तोही मात्रा न चुकवता, केसभर मागे रेलून. विलंबित ख्यालाला साथ करणारा चांगला तबलजी गायकाला जागा देत ठेका धरतो, तीच ही वृत्ती आहे, असे मला तेव्हा वाटले होते आणि आजही वाटते. ७ एप्रिल २००३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. पंजाब मेलने मुंबई गाठून मी तो पाहिला, आणि त्या रात्रीचे जे डोळ्यांसमोर राहिले आहे, तो चार्लीचा उचलला जाणारा उजवा हात आहे.

२४ ऑगस्ट २०२१ रोजी चार्ली गेला. त्यानंतर २० ऑक्टोबर २०२३ रोजी ‘हॅकनी डायमंड्स’, म्हणजे तुम्ही विचारलेला अल्बम, आला. २०१६ चा अल्बम दुसऱ्यांच्या ब्लूज गाण्यांचा होता. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी २००५ नंतर थेट अठरा वर्षांनी काढला. बारा गाण्यांपैकी फक्त सातव्या आणि आठव्या गाण्यावर चार्ली आहे, कारण ती त्याने २०१९ मध्येच वाजवून ठेवली होती. बाकीच्या गाण्यांवर मुख्यतः स्टीव्ह जॉर्डन वाजवतो, ज्याचे नाव खुद्द चार्लीनेच सुचवले होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पहिली तीन गाणी मला रुचली नाहीत. निर्माता अँड्र्यू वॉट हा १९९० साली जन्मलेला कर्तबगार माणूस आहे आणि या तिन्ही गाण्यांच्या रचनेतही त्याचा वाटा आहे. पण त्याने आवाज इतका घट्ट आणि चकचकीत केला आहे की दोन वाद्यांमध्ये हवा खेळायला फटच उरत नाही. स्टोन्सचे संगीत तर त्या फटीतच राहते. जॉर्डन उत्तम वाजवतो, मात्र तो मात्रेवर सरळ येतो आणि गाण्याला पुढे रेटतो. कीथला ज्यावर रेलायचे, ती भिंतच मला तिथे ऐकू येत नाही.

सातवे गाणे ‘मेस इट अप’ रचना म्हणून सामान्य आहे, हे मी चार्लीच्या प्रेमापोटीही नाकारणार नाही. तरीही ते सुरू होताच दोन्ही बाजूंचे आवाज सैल होऊन आपापल्या जागी बसतात. आठव्या ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’वर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बँड सोडून गेलेला बिल वायमन बास गिटारवर परत येतो, म्हणजे चार्लीशेजारी त्याचा जुना जोडीदार उभा राहतो. ही दोन गाणी मी लागोपाठ इतक्यांदा ऐकली आहेत की घरचे आता विचारतही नाहीत.

याचा अर्थ उरलेल्या अल्बममध्ये काही नाही असा घेऊ नका. सांधेदुखीने कीथच्या बोटांची चाल बदलली आहे, आणि त्याने स्वतः गायलेल्या ‘टेल मी स्ट्रेट’मध्ये कमी सुरांत भागवण्याची जी समज दिसते, ती तरुण बोटांकडे क्वचितच असते. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ सात मिनिटांहून मोठे आहे. लेडी गागा गाते, स्टीव्ही वंडर की-बोर्डवर आहे, आणि संपले असे वाटणारे गाणे पुन्हा उभे राहते, तेव्हा जॉर्डनही घाई सोडून थांबतो आणि मग चढतो. त्या जागी मी चार्लीची आठवण न काढता ऐकतो. हे पहिल्यांदा लक्षात आले, त्या दिवशी मला थोडे वाईटही वाटले होते.

शेवटचे गाणे अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सचे, १९५० चे. बँडने आपले नाव त्यावरूनच घेतले, आणि १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर कीथला मिक भेटला तेव्हा मिकच्या हातात मडी वॉटर्सचीच रेकॉर्ड होती. इथे ते दोघेच आहेत: एक गिटार, एक माउथ ऑर्गन, एक आवाज. ड्रम नाहीत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा सवयीने माझा उजवा हात मांडीवर ठेका देऊ लागला. चार-सहा मात्रांनंतर मी तो उचलून घेतला आणि गाणे संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.