काळ्या पट्ट्यांचा तास

वाद्याला कधी हातही न लावलेली मुलं समोर असली की मी कीबोर्डवर एकच नियम घालते: बोटं फक्त काळ्या पट्ट्यांवर. कल्पना जुनीच आहे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत मुलांच्या झायलोफोनवरून म आणि नी यांच्या पट्ट्या चक्क काढून ठेवतात. उरतात सा रे ग प ध. कीबोर्डवर ते आयतंच मिळतं. काळी तीनला, म्हणजे पाच काळ्यांतल्या तिसरीला, सा धरला की झाला भूप राग.

हे पाच स्वर कुणालाही गोड का लागतात, याचं निम्मं उत्तर सोपं आहे. कुठल्याही स्वरापासून मोजत गेलं की पाचवा तो त्याचा पंचम: सा चा पंचम प, प चा पंचम रे, रे चा ध, ध चा ग. सगळे एकाच नात्यातले, आणि शेजारीशेजारी घासतील असे अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे कुणीच नाहीत. म्हणून तीन मुलांनी एकदम काहीही दाबलं तरी कानाला टोचत नाही. चीनच्या जुन्या संगीतात हेच पाच, स्कॉटलंडच्या कितीतरी लोकगीतांतही हेच. पण हिशेब पुरता जुळत नाही. जावा बेटावरच्या गामेलान या वाद्यवृंदातली स्लेंद्रो ही स्वररचना सप्तकाचे जवळजवळ सारखे पाच भाग करते. तिथे पंचमाची ही साखळी बसत नाही, तरी स्वर पाचच.

त्या दिवशी सुरुवातीला मी अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिनचा खेळ घेतला. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या एका विज्ञान महोत्सवात त्यांनी मंचावर नुसत्या उड्या मारून प्रेक्षकांकडून हे स्वर गाऊन घेतले होते. मी एका जागी उभी राहून सा दिला, उजवीकडे एक उडी मारून रे. पुढच्या उडीला मुलांनी न सांगता ग लावला. डावीकडे गेले तर बहुतेकांनी नी ओलांडून थेट खालचा ध धरला. इथवर सगळं नेहमीसारखं.

मग मुलं कीबोर्डवर बसली. मोबाइलवर सतत सा धरून ठेवणारा तानपुरा काळी तीनला चालू होता. मी पाठमोरी असताना एका पठ्ठ्याने ॲपशी खेळून तो काळी पाचला नेला. पंचमाची तार एकदम खटकायला लागली. बंदच करणार होते, पण काय सुचलं कोण जाणे, ती तार मी मध्यमावर, म्हणजे म वर, आणली. मुलं तीच, पट्ट्या त्याच, बोटंही तशीच सैरभैर, आणि खोलीत रात्रीचा राग मालकंस उभा राहिला. भर दुपारी कुणी पडदे ओढून घ्यावेत तसं झालं. दंगा करणारी पोरंही हळू वाजवू लागली.

"बाई, तुम्ही गाणं बदललं?"

"मी नाही. याने तानपुरा हलवला."

खरं तर हे मी पाठ असल्यासारखं शिकवत आलेय. सा सरकवत जायचं, यालाच आपण मूर्च्छना म्हणतो; काळी एकवरून दुर्गा, दोनवरून धानी, चारवरून मधमाद सारंग. पण न शिकलेल्या हातांतून, असं अचानक, ते कधी ऐकलं नव्हतं. आपण पाच स्वरांच्या गोडव्याचं कौतुक करतो. माझ्या मते खरी करामत सा ची आहे. तो कुठे बसलाय यावर बाकीचे चार काय बोलणार ते ठरतं. मग राहिलेल्या तिन्ही जागांवर तानपुरा नेऊन बघितला. सारंगाला एकाने "हे उन्हातलं आहे" म्हटलं. सारंग दुपारचा राग, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण यावरून फार मोठा निष्कर्ष काढायला मी तयार नाही.

शेवटी पुन्हा काळी तीन. कोपऱ्यातली एक मुलगी मघापासून गप्प होती. म्हणाली, "बाई, काहीही वाजवलं तरी बरंच वाटतं. मग मी चांगलं वाजवतेय की नाही, कळणार कसं?"

मी उत्तर शोधत होते तोवर तिने नियम मोडला. काळी तीनच्या लगतची डावीकडची पांढरी दाबली आणि तशीच धरून ठेवली. शुद्ध नी. सगळ्यांचे चेहरे आंबले. तिने बोट काळी तीनवर सरकवलं तेव्हा दोघाचौघांनी चक्क श्वास सोडला.

"चीटिंग!" तानपुरावाला ओरडला. मग ती पट्टी प्रत्येकालाच हवी झाली, तिघांनी ती एकदम सा सकट दाबली, आणि त्या तासात पहिल्यांदाच झकास बेसूर ऐकायला मिळालं.