झाकण उघडू नका

जुलैचा दुसरा आठवडा, भाताच्या लावण्या ऐन भरात. सिंधुदुर्गातल्या एका शेतकऱ्याचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, आमच्या लॅबमध्ये आलं. पन्नाशीचे गृहस्थ, जुना मधुमेह, बारा दिवस ताप उतरत नव्हता, सोनोग्राफीत यकृतात आणि प्लीहेत गळवं. वॉर्डात टीबीची औषधं सुरू करायचं जवळजवळ ठरलं होतं. सोबत दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट होता: ‘स्यूडोमोनास, बहुधा कंटॅमिनेशन’, म्हणजे पाण्या-मातीतला जंतू, बहुधा नमुन्यात बाहेरून मिसळलेला. तो वाचून, हा जंतू भलताच तर नसेल या शंकेने, माझ्या पोटात गोळा आला.

स्लाइड मी स्वतः रंगवली. मायक्रोस्कोपखाली गुलाबी दंडुके, दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका. हुबेहूब सेफ्टी पिन. दोन दिवसांनी प्लेटवरच्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे पुंजके, कोरड्या पडून सुरकुतायला लागल्या होत्या. आमच्या टेक्निशियनताईंनी इतक्या वर्षांच्या सवयीने झाकण उचलून वास घ्यायला प्लेट नाकाजवळ न्यायला घेतली आणि मी अक्षरशः ओरडले. हा जंतू श्वासातूनही जातो. पुढचं सगळं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे जंतू बाहेर येऊ न देणाऱ्या बंदिस्त कपाटात, केलं. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकांच्या डिस्कपर्यंत (औषध लावलेल्या कागदी चकत्यांपर्यंत) तो बिनदिक्कत वाढला होता, को-अमॉक्सिक्लॅव्हभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ, तिथे तो वाढलाच नव्हता. यावरून ओळख पटली: बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. आजार मेलिऑइडोसिस.

1912 साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमध्ये याची नोंद केली. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जैविक अस्त्र म्हणून वापरता येतील अशा जंतूंचे अ, ब, क गट केले: किती सहज पसरतो, किती माणसं दगावतात, किती घबराट होईल, यावरून. अँथ्रॅक्स आणि प्लेग ‘अ’ गटात, हा ‘ब’ गटात. याचा भाऊबंद, घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स या आजाराचा जंतू, पहिल्या महायुद्धात जर्मन हेरांनी शत्रूच्या घोड्या-खेचरांवर सोडला होता. आणि आमच्याकडे हाच ‘ब’ गटवाला भाताच्या चिखलात राहतो, कुणीही न सोडता. कातडीवरच्या चिरेतून आत शिरतो, पेशीत घुसतो, शेजारच्या पेशी एकमेकींना चिकटवून त्यांची एकच मोठी पेशी करतो आणि पेशींच्या बाहेर न पडताच पसरत जातो. मधुमेहात पांढऱ्या पेशी आधीच मंदावलेल्या, त्यामुळे त्याला रान मोकळं.

मी वॉर्डात फोन केला. त्याच संध्याकाळी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं. त्यानंतर किमान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या; त्या मधेच सोडल्या तर आजार उलटतो, हे मी रिपोर्टवर हाताने लिहिलं.

चौथ्या दिवशी ताप खाली आला, तेव्हा मी त्यांना बघायला गेले. दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पायथ्याशी बसल्या होत्या. “बाई, पोरांका लागूचा नाय मां?” सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, मी सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. बोलता बोलता त्यांनी पाय पदराखाली ओढून घेतले, तेव्हा मला दिसलं. त्यांच्याही बेचक्या तशाच फाटलेल्या.

“वहिनी, तुम्हाला शुगर आहे?”

“कधी तपासूक नाय.”

मी सिस्टरांकडून ग्लुकोमीटर मागवून घेतला.