गळ्यातली पट्टी उतरल्यावर

परिषदेला आलेला माणूस सकाळपासून गळ्यात नावाची पट्टी अडकवून हिंडत असतो. ती हमखास उलटी फिरते आणि कोरी बाजू पुढे येते. म्हणून जाणते संयोजक नाव दोन्ही बाजूंनी छापून घेतात. संध्याकाळच्या कलादालनाच्या फेरीला निघताना मात्र ती खिशात टाकलेली बरी. काचेच्या पेटीवर वाकलं की पट्टी टकटक आपटते आणि कोपऱ्यातला पहारेकरी सावध होतो. जेवताना तर वाटीत आपल्या आधी तीच उतरते. आणखी एक कारण जरा नाजूक आहे. पट्टी असेपर्यंत समोरचा आपल्या छातीकडे बघत बोलतो आणि हुद्दा वाचून आवाजाची पट्टी ठरवतो.

अशा फेऱ्या आखणाऱ्यांच्या उत्साहाला आवर घालावा लागतो, कारण त्यांना सगळंच दाखवायचं असतं. पाहुणा दिवसभर अंधाऱ्या सभागृहात पडद्याकडे बघून आलेला. त्याला तीन मजले, बारा दालनं आणि प्रत्येक चित्रापुढे पाच मिनिटांचं निरूपण, म्हणजे आणखी एक सत्रच की! संग्रहालयातला थकवा हा काही आजचा शोध नाही. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हस गिलमन यांनी १९१६ मध्ये याच नावाचा लेख लिहिला. वस्तू नीट दिसावी म्हणून माणसाला किती वाकावं, किती उकिडवं बसावं लागतं, याचे फोटोच त्यांनी छापले. आणि एवढं करून बघणं किती, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका कलाकृतीपुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबले होते. त्यातही निम्मे १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकलेले.

तेव्हा सव्वा तास आणि सहा-सात कलाकृती, एवढं पुरे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’पुढे पंधरा मिनिटं सहज जातात. शहराच्या नागरी रक्षकदलातल्या लोकांनी वर्गणी काढून १६४२ मध्ये करून घेतलेलं हे सामूहिक चित्र. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवताना तिथल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं! वर्गणी भरून उभे राहिलेल्यांची ही गोष्ट नोंदणी शुल्क भरून आलेल्यांना लगेच भिडते.

एका गाइडमागे पंधरा माणसं, त्यापुढे नको. विसावा माणूस गाइडऐवजी पुढच्याचं टक्कल बघतो, कंटाळतो आणि फोन काढतो. कानातले रिसीव्हर असतील तर गाइडला दालनात कुजबुजूनही भागतं. पण पंधरांसाठी सतरा संच घ्यावेत, कारण एक-दोघांची बॅटरी ऐन वेळी मान टाकते. परत घ्यायची टोपली बाहेरच्या दाराशीच हवी, नाहीतर संच खिशातून हॉटेलवर पोचतात.

खरा घोळ घालते ती परिषदेची पिशवी. स्मरणिका, पाण्याची बाटली आणि चार पत्रकं भरलेली ही पिशवी प्रत्येकाच्या खांद्याला असते आणि बहुतेक संग्रहालयं मोठी पिशवी, पाठीवरची सॅक, छत्री आत सोडत नाहीत. तीस जणांनी सामान ठेवायच्या खिडकीशी रांग लावली की पंधरा-वीस मिनिटं तिथेच जातात, परत घेताना पुन्हा तितकीच. ‘पिशवी खोलीवर ठेवून या’ हे वाक्य निमंत्रणात ठळक छापावं. साप्ताहिक सुटीही आधीच बघावी. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी.

उन्हातून थेट कागदावरच्या चित्रांच्या दालनात शिरलं की ‘दिवे गेले का?’ असं कुणीतरी विचारतंच. लक्स हे उजेड मोजायचं माप; बाहेर लख्ख उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो. जलरंग आणि जुनं कापड विटू नये म्हणून आत साधारण ५० लक्सच ठेवतात. गाइडने दाराशी दोन-तीन मिनिटं गप्पा मारल्या की डोळे सरावतात, मागे राहिलेलेही येऊन मिळतात.

फेरी आधी, जेवण नंतर. उलट केलं तर लोक चित्रांपेक्षा दालनातली बाकडी निरखतात. सत्र संपणं आणि बस सुटणं यात पाऊण तास ठेवावा, कारण शेवटचा वक्ता वेळेवर थांबत नसतो आणि लोकांना बूट बदलायचे असतात.

जेवणासाठी नोंदणी कक्षाबाहेर याद्या लावायची पद्धत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. एका यादीवर एक हॉटेल, आठ जागा, गाव माहीत असलेला एक यजमान, आणि ज्याचं बिल त्याने भरायचं. नावाबरोबर मोबाइल नंबर घ्यावाच. आठ नावांतले सहाच उगवतात, म्हणून खाली प्रतीक्षेच्या दोन ओळी आखाव्यात, यादी दुपारी बंद करावी आणि पक्का आकडा लगेच हॉटेलला कळवावा. ‘काय आवडतं?’ असा रकाना फुकट. ‘काय चालत नाही?’ असा हवा. शेंगदाण्याची ॲलर्जी लाजेपोटी कुणी आपणहून सांगत नाही. गोल टेबल मिळालं तर भाग्य. लांब टेबलावर दोन टोकांना दोन वेगळी जेवणं चालतात आणि मधला माणूस दोन्हींकडे मान डोलावतो. कोपऱ्यातली, स्पीकरपासून लांबची जागा मागून घ्यावी. नव्या ओळखीच्या माणसाचं परक्या भाषेतलं बोलणं कलकलाटात निम्मंच कळतं.

बिल वेगवेगळं देतात का, हे टेबल राखतानाच विचारायचं. आठ जणांनी आठ कार्डं पुढे केल्यावर वेटरचा चेहरा बघण्यासारखा होतो. पाहुण्यांचंही खोटं नसतं: प्रत्येकाला आपल्या संस्थेकडून खर्च वसूल करायचा असतो, त्याला स्वतंत्र पावती लागते, आणि बऱ्याच संस्था मद्याचे पैसे देत नाहीत, म्हणून त्याची पावती निराळी.

परतीच्या बसमध्ये डोकी मोजली की एकोणचाळीस भरतात. जाताना एकेचाळीस होती. बहुतेक वेळा हे दोघे बोलण्याच्या नादात चालतच हॉटेलकडे निघालेले असतात. ‘परस्पर जाणार असाल तर मेसेज टाका’ असं संयोजकाने बसमध्ये दोनदा सांगितलेलं असतं. तो पायरीवर उभा राहून तिसऱ्यांदा मोजतो, आणि ड्रायव्हर इंजिन सुरू करून पुन्हा बंद करतो.