रबर फाटलं पाहिजे, सुटता कामा नये

अण्णांचं टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं दुकान नगर-मनमाड रस्त्यावर होतं. उसाचा हंगाम लागला की ट्रॉल्यांचे टायर पार छपरापर्यंत रचलेले असायचे. टायर बफिंगला लावायचा, सोल्युशन मारायचं, कच्चं रबर चढवायचं आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायचं. तो वास अण्णांच्या कपड्यांबरोबर घरी यायचा. मी डिप्लोमा करून दुकानात बसायला लागलो, तोवर ट्रकवाले रेडियलकडे, म्हणजे पोलादी तारांच्या नव्या टायरकडे वळले होते. रिमोल्ड करायचंच झालं तर ते कोल्ड प्रोसेसवाल्याकडे, म्हणजे आधीच शिजवलेली नक्षीची पट्टी चिकटवणाऱ्याकडे जात. आमचे साचे जुन्या नायलॉन टायरच्या मापाचे. दर वर्षी काम थोडं थोडं आटत गेलं.

तरी प्रेस होता, बॉयलर होता आणि बोटाच्या टोकानं रबर ओळखणारा मिस्त्री होता. नागापूर एमआयडीसीत गाळा भाड्यानं घेतला आणि ट्रकच्या सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यात बसून धक्के खाणारे तुकडे, करायला सुरुवात केली. पाट्याच्या डोळ्यातला बुश, टॉर्क रॉडचा बुश. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी, मध्ये रबर. मला वाटलं होतं, टायर करणाऱ्या माणसाला यात काय अवघड आहे!

तिसऱ्याच लॉटला सगळा माल परत आला. बुश गाडीवर चढल्यावर महिन्याभरात नळीपासून रबर सुटत होतं. मिस्त्रीनं एक बुश व्हाइसमध्ये धरून पकडीनं रबर ओढलं, तर ते केळ्याच्या सालीसारखं निघालं. खाली चकचकीत लोखंड, आणि त्यावर अंगठ्याचा स्पष्ट ठसा. ठशाएवढ्या जागेत रबर चिकटलंच नव्हतं. ब्लास्टिंग झालेली, म्हणजे कणांच्या माऱ्यानं खरवडून साफ केलेली नळी कुणीतरी घामेजल्या हातानं उचलून रॅकवर ठेवली होती, एवढंच. रबर आणि लोखंड यांच्यात प्रायमर आणि त्यावरचा केमिकलचा थर, दोन्ही मिळून केसापेक्षा पातळ. त्याच्याखाली बोटाचं तेल राहिलं की संपलं.

तेव्हापासून ब्लास्टिंगनंतर हातमोज्याशिवाय नळीला हात नाही आणि पावसाळ्यात ब्लास्ट केलेला माल रात्रभर ठेवायचा नाही. प्रत्येक लॉटमधला एक बुश आम्ही स्वतः फोडतो. ओढल्यावर रबर मधूनच फाटलं तर लॉट पास. लोखंड दिसलं तर सगळा लॉट भंगारात. सुरुवातीला अण्णांना ही उधळपट्टी वाटायची. ‘चांगला माल फोडतोस रे,’ म्हणायचे.

लष्कराचं काम आलं ते आडवाटेनं. आमच्या बिलावर आता अहिल्यानगर छापलंय, तोंडात मात्र अजून नगरच आहे. तर नगरकरांना रणगाड्याचं अप्रूप नाही. आर्मर्ड कोअरचं, म्हणजे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं, रणगाड्यांचं म्युझियमही इथंच. पण पोरपणी म्युझियममध्ये चाकाकडे कुणी बघत नाही, सगळे तोफेवर लोंबकळतात. पट्ट्याच्या आतल्या त्या चाकांना रबराची जाड धाव असते, हे मला एका मोठ्या पुरवठादारानं जुनं चाक टेबलावर आणून ठेवलं तेव्हा नीट कळलं. टी-७२ चं वजन ४१ टनांच्या आसपास आणि चाकं एका बाजूला सहा. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी एकेका चाकावर साडेतीन टनांच्या आत-बाहेर भार. खड्ड्यात आदळल्यावर किती, त्याचा विचारच नको.

या धावेचा खरा शत्रू दगडधोंडे नाहीत, उष्णता आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला रबर दबतं, सुटतं आणि प्रत्येक वेळी थोडी ताकद आतच उष्णता होऊन राहते. रबरातून ती बाहेर निघत नाही. वरून हात लावला तर कोमट, पोटात मात्र भट्टी. मग एक दिवस आतून लगदा होऊन ढेकूळच्या ढेकूळ उडतं. म्हणून इथं नैसर्गिक रबर लागतं. एसबीआर हे कृत्रिम रबर घासायला बरं, पण तापतं जास्त.

पहिलं चाक साच्यातून काढलं तेव्हा इतकं देखणं होतं की मिस्त्रीनं त्याला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी करवतीनं कापलं, तर मधोमध स्पंज! छोट्या बुशचा हिशेब आम्ही जाड धावेला लावला होता. बाहेरून रबर शिजलं, आतलं कच्चं राहिलं आणि प्रेस उघडताच आतल्या वायूनं फुगलं. मोठ्या आचेवर भाकरी बाहेरून करपावी आणि आत पीठ राहावं, तसं. मग तापमान उतरवलं, वेळ कितीतरी वाढवला, धाव जिच्यावर बसते ती चाकाची धातूची डिस्क आधी गरम करून घ्यायला लागलो. सहावं चाक कापल्यावर आत एकसारखं काळं दिसलं. पाच चाकांचं रबर, वीज आणि मजुरी आमच्याच खिशातून गेली.

त्यानंतर मंजुरीची वाट पाहिली. किती पाहिली ते लिहीत नाही, पुन्हा रक्तदाब वाढेल. त्या काळात घर चाललं ते ट्रकच्या बुशवर. आम्ही थेट लष्कराला माल देत नाही, पुरवठादाराच्या खालच्या पायरीवर आहोत. फोटो लावता येत नाहीत, त्यामुळे लग्नाच्या बोलणीत मुलाच्या सासऱ्यांना आमचा धंदा बराच वेळ पटला नव्हता.

सध्या रन-फ्लॅटच्या कड्याच्या मागे आहोत. टायरच्या आत रिमवर बसणारं हे कडं. गोळी लागून हवा गेली तरी गाडी त्याच्यावर टेकून पुढं निघते. तिथंही तीच उष्णता आडवी येते, शिवाय वजन जास्त झालं की ड्रायव्हरला स्टिअरिंग जड लागतं. दोन नमुने फुकट गेले. साचा पुण्याहून दुसऱ्यांदा दुरुस्त होऊन आलाय, सोमवारी सकाळच्या पाळीला पहिला शॉट आहे. करवतीचं पातं नवीन आणून ठेवलंय.