तळाचे फोड: उघडून झाले, आता वाळवण

दिवाळीनंतर माझी जुनी फायबरची होडी दाभोळ खाडीतून वर ओढली. शिंपले, शेवाळ खरवडल्यावर पाणरेषेखाली वाटाण्याएवढे फोड दिसले. एक टोचला तर चिकट पाणी उडालं आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. म्हणजे ऑस्मोसिसच. (टोचताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आत दाब असतो.)

गेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी सावकाश झिरपतं, लॅमिनेटमधले (आतल्या फायबरच्या थरांमधले) विरघळणारे पदार्थ त्यात उतरतात आणि तो दाट द्राव बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो. खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात ही ओढ जास्त. पावसाळ्यात वाशिष्ठीचा लोंढा आला की खाडीचं पाणी गोडं होत जातं, म्हणून माझं ठाम मत आहे की जुनी फायबरची होडी जून लागायच्या आत वर हवी.

फोड ग्राइंडरने उघडले, मग छोट्या हातोडीने सगळा तळ वाजवून पाहिला. टणक आवाज आला तिथे चिंता नाही. बद्द वाजलं तिथे थर सुटलेले. असा तळहाताएवढा एक भाग निघाला. तो काढून कडा १:१२ उताराने घासल्या, म्हणजे ६ मिमी जाडीला चहूबाजूंनी ७२ मिमी. एवढं चांगलं फायबर घासताना जिवावर येतं, पण नव्या थरांची पकड त्या उतारावरच असते.

आता वाळवण, आणि खरं काम हेच. नुसतं ऊन पुरत नाही: आतला द्राव उडून जात नाही, उलट हवेतली ओल धरून ठेवतो. म्हणून आधी कोमट गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं, मग ऊन. तपासायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून चिकटवतो. आत दव धरलं की पुन्हा धुणं.

रेझिनबद्दल, म्हणजे फायबरचे थर चिकटवून कडक होणाऱ्या द्रवाबद्दल, बंदरावरचे कारागीर पॉलिस्टरच सांगतात. ते स्वस्त आहे, लवकर सुकतं, नव्या होडीला उत्तमच. पण जुन्या, पूर्ण कडक झालेल्या लॅमिनेटला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून मी तेच घेतलंय. त्यासोबत विणलेलं कापड. साध्या चॉप्ड मॅटचा (तुटक तंतूंच्या चटईचा) बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, बहुधा पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळणारा असतो आणि इपॉक्सीत स्टायरिन नसतं. इपॉक्सीवर पॉलिस्टर गेलकोटचा भरवसा नाही, त्यामुळे वर इपॉक्सीचाच बॅरिअर कोट (पाणी अडवणारा थर) आणि शेवटी अँटिफाउलिंग (शिंपले-शेवाळ धरू न देणारा रंग).

प्लास्टिकखाली अजून पहाटे दव दिसतंय. वाळवणाला कोणी हीट लॅम्प वापरला असेल तर तळापासून किती अंतरावर धरला, ते जरूर सांगा.